बदलीच्या साहेबांची गाडी

नऊ डिसेंबर. सकाळपासून गच्चीवर कोहळ्याच्या बड्या, म्हणजे सांडगे, टाकते आहे. कोहळा काल किसून, पिळून ठेवला होता, उडदाची डाळ आज वाटली, आणि आता जुन्या धोतरावर बड्यांची रांग लावत मागे सरकते आहे. हात पिठात बुडालेले असताना फोन वाजला की तो रेणूचा असतो, हे मी गृहीत धरून चालते. रेणू माझ्या मोठ्या बहिणीची, मंदाताईची मुलगी. नागपूरला नोकरीला आहे आणि तिला जुनी गाडी घ्यायची आहे. तिने फोटो पाठवले होते. छोटी, गोलसर, पांढरी गाडी, आणि खाली लिहिलं होतं, "मावशी, हे पहिलं मॉडेल आहे. विकणारा म्हणतो, पहिलंच सगळ्यात दणकट निघतं. घेऊ का?"

मी एका बोटाने लिहिलं, "थांब. मी आल्याशिवाय हो म्हणू नकोस." तिला वाटलं असेल, मावशीला सगळ्यातच खोट दिसते. दिसते, हे खरं आहे. ते कुठून आलं, तेच आज लिहून ठेवते. या हकिकतीत रेणूही आहे, फक्त तिचा जन्म व्हायचा होता.

तेव्हा आम्ही बालाघाटला सरकारी कॉलनीत राहत होतो. बाबा एका सरकारी ऑफिसात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. सकाळी छोट्या लाईनीच्या रेल्वेगाडीची शिट्टी झाली की आई चूल सोडून गॅसकडे वळायची, म्हणजे भाकरी चुलीवर आणि भात गॅसवर. भात चिन्नोरचा असला तर वासानेच शेजारच्या तीन घरांना कळायचं. दिवसभर मँगनीजचे ट्रक मोठ्या रस्त्याने धडधडत जायचे आणि त्यांची काळी धूळ आमच्या खिडकीच्या जाळीवर बसायची. मी रोज ती ओल्या फडक्याने पुसायची, आणि रोज ती पुन्हा असायची.

घरातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या वस्तूला एकेका साहेबाचं नाव होतं. कुलर होता तो भोपाळला गेलेल्या साहेबांचा. तो सुरू केला की रेडिओ बंद करावा लागायचा. जेवणाचं टेबल सागरवाल्या साहेबांचं, एक पाय आखूड, त्याखाली बाबांनी लाकडाची चकती ठोकली होती. शिलाई मशीन कुठल्या तरी मॅडमचं, दहा टाक्यांनंतर दोरा तोडायचं. कॉलनीतली रीतच होती तशी. साहेबांची बदली झाली की त्यांचं सामान हाताखालची माणसं घ्यायची. साहेब म्हणायचे, "बडे बाबू, आप रख लीजिए," आणि बाबा म्हणायचे, "जी साहब." किंमत साहेब सांगायचे. वस्तू सुरू होते का, गळते का, आवाज करते का, हे कुणी पाहायचं नसे. साहेबांच्या दारात उभं राहून साहेबांचा कुलर सुरू करून बघणं म्हणजे साहेबांना खोटं ठरवणं.

मला ही रीत कधी समजली नाही. त्याला कारण माझी नोकरी. गाड्यांच्या विम्याचे सर्व्हे करणाऱ्या एका गृहस्थांकडे मी टायपिस्ट होते. अपघात झालेल्या गाड्यांचे रिपोर्ट दिवसभर टाइप करायचे. कुणाचा पत्रा चेपला, कुणी जुनी चेप नवी म्हणून दाखवली, कुणी दुसऱ्याच गाडीचा फोटो लावला. सरांनी मला त्यांची जीप चालवायला शिकवली होती, कारण उन्हाळ्यात त्यांना स्वतः चालवायचा कंटाळा यायचा. दोन वर्षं असे रिपोर्ट टाइप केल्यावर माणूस साधा राहत नाही.

त्या हिवाळ्यात बाबांच्या साहेबांची बदली झाली आणि साहेबांनी गाडी विकायला काढली. छोटी गाडी, लाल, त्या मॉडेलची पहिली खेप. तोवर कंपनीने नवं मॉडेल आणायचं ठरवलं होतं आणि शहरात सगळे म्हणत होते की जुन्याची किंमत पडणार. साहेब मात्र ऑफिसात म्हणाले, "नए वाले में वो बात कहाँ. पहला मॉडल मजबूत होता है. बडे बाबू, आपकी बेटी बैहर में है ना? काम आएगी."

मंदाताई बैहरला होती. तिचे यजमान तिथे शाळेत शिकवायचे. तिचे दिवस भरत आले होते, आणि बाळंतपणासाठी तिला बालाघाटला आणायचं होतं. मध्ये घाट. बस होत्या, जीपा होत्या, पण त्या आपल्या वेळेवर येतात, बाळ त्याच्या. त्यामुळे साहेबांचं बोलणं वरवर पाहता चुकीचं नव्हतं. आणि बाबांना चार महिन्यांनी रिटायर व्हायचं होतं. त्यांचं पेन्शनचं प्रकरण साहेबांच्या टेबलावर होतं, सहीसाठी. ते टेबलावर आहे, हे बाबा दिवसातून एकदा तरी आईला सांगायचे, जसं काही तिथून ते पळून जाणार होतं.

बाबांनी घरी येऊन सांगितलं, "गाडी घेऊन राह्यलो."

"पाहिली का?" मी विचारलं.

"रोज पाहतो. ऑफिसच्या पोर्चमधीच तं उभी राहते."

"बाबा, बोनेट उघडून पाहिलं का? चालवून पाहिली?"

"वर्षा, तुले काही समजते का? साहेबाच्या गाडीचं बोनेट उघडू मी? चार लोकांसमोर?"

आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "पन साहेब काहून विकून राह्यला? जाईल तिथं रस्ते नाही का?"

"तिथं सरकारी गाडी भेटते."

"इथं बी सरकारीच होती," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो, मॅडमना भेटायला, रीत म्हणून. मॅडमनी चहा दिला. परत येताना फाटकाबाहेर पाय पडताच आई म्हणाली, "पाह्यलं का तू? आज बशी दिली."

"मग?"

"इतक्या वर्षांत मले ह्या बंगल्यात स्टीलच्या गिलासात चाय भेटला. आज कप, अन् खाली बशी. वरून बिस्किटं. काही तरी आहे, बाई."

मला आईचं हे पटलं. आजही पटतं. विकणारा जितका गोड, तितकं खाली वाकून बघावं.

माझा पहिला संशय मीटरवर होता. गाडी फार कमी चाललेली दाखवत होती. पण पोर्चमध्ये उभी असताना मी काचेतून पाहिलं तर पेडलवरच्या रबराच्या खाचा शाबूत होत्या, स्टिअरिंगला हातांची चकाकी नव्हती, सीट बसलेली नव्हती. मीटर खरं बोलत होतं. मी थोडी ओशाळले. मग पुढे येऊन पाहिलं तर डाव्या दिव्याची काच नवी कोरी, स्वच्छ, आणि उजव्याची पिवळसर, मोतीबिंदू झाल्यासारखी. दोन्ही दिवे एकाच दिवशी जन्मले असतील तर एकच म्हातारा कसा झाला?

साहेबांचा ड्रायव्हर कन्हैया फडकं घेऊन आला. "क्या देख रही हो बिटिया? मक्खन गाडी है."

"ये लाइट कब बदली, भैया?"

"अरे, कंकड लगा था." आणि तो डाव्या बाजूला उभा राहून, माझ्या आणि दिव्याच्या मध्ये, टप पुसायला लागला. टप स्वच्छ होता.

बोनेट उघडल्याशिवाय पुढे कळणार नव्हतं आणि बाबा ते उघडू देणार नव्हते. मी हे आईला बोलून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "पूजा तं करावी लागंल ना गाडीची?"

"करावी लागेल."

"मंग झालं."

पूजा बंगल्याच्या पोर्चमध्येच करायची ठरली, कारण आईने सांगितलं की वस्तू जुन्या धन्याच्या दारातून पूजा होऊनच निघायला पाहिजे. साहेबांना हे आवडलं. ते कोट घालून उभे राहिले. मॅडमनी फोटो काढला. आईने चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूचा हार घातला, बोनेटवर कुंकवाचा सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, नारळ फोडला. बाबा हात जोडून साहेबांच्या अर्धं पाऊल मागे उभे होते. मग आईने ताट तसंच हातात धरून म्हटलं, "आता हे उघडा."

"क्या?" साहेब म्हणाले.

"इंजिनले कुंकू लावावं लागते. आमच्या लांजीकडं तशीच पद्धत आहे."

बाबांनी आईकडे पाहिलं. लांजी म्हणजे बाबांचं सासर, पण त्यांनी असली पद्धत जन्मात ऐकली नव्हती. पण चारचौघांत बायकोला देवाच्या कामात अडवायचं कसं? साहेब हसले आणि म्हणाले, "हाँ हाँ, खोलो कन्हैया." कन्हैयाने उघडायला फार वेळ लावला.

आईने इंजिनाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि मंत्रही म्हटला. कसला ते मला विचारू नये. पूजा होईस्तोवर मी उदबत्ती धरायच्या निमित्ताने वाकले होते. उजव्या बाजूचा आतला पत्रा कारखान्यातून आला तसा सरळ. डाव्या बाजूचा ठोकून सरळ केलेला, त्यावर हाताने मारलेला रंग, जोडाची जाड रेघ, आणि बोल्टांच्या डोक्यावरचा रंग पान्याने सोललेला. असलं वर्णन मी कितीदा टाइप केलं होतं. खडा लागून हे होत नाही.

मारुतीच्या देवळापर्यंत गाडी न्यायची होती. आई मागे ताट घेऊन, मी पुढे, कन्हैया चालवत. रेल्वे फाटकाशी त्याने ब्रेक दाबला आणि आईच्या ताटातली हळदीची वाटी सरकत डाव्या काठावर जाऊन उलटली.

"असं काहून ओढते रे हे?"

"पहले मॉडल में ऐसा होता है, माताजी."

परत येताना मी म्हटलं, मी चालवते. कन्हैया नको म्हणाला, पण आई म्हणाली, "घरची लक्ष्मी आहे, चालवू दे." रिकाम्या रस्त्यावर मी स्टिअरिंगवरचे हात सैल केले आणि ब्रेक दाबला. गाडी नालीच्या बाजूला निघाली. ही नाली होती. बैहरच्या घाटात डाव्या हाताला कुठे कुठे नाली नसते, काहीच नसतं.

बंगल्यावर मी साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, पहला मॉडल है. इसमें थोडा बहुत रहता ही है. आदत हो जाती है." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "ले जाइए. कागज जाने से पहले कर देंगे, पैसा भी तभी." इतका विश्वास साहेबांनी आजवर आमच्यावर टाकला नव्हता. मला तोही खटकला.

पण "पहिलं मॉडेल" या उत्तरापुढे मी अडकले होते. खरंच त्या गाडीची तशी खोड असेल तर? दुसऱ्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याकडे तीच गाडी होती, तीच पहिली खेप, आणि काच फुटली तेव्हा त्यांचा रिपोर्ट मीच टाइप केला होता. त्यांनी खुशीने किल्ली दिली. त्यांची गाडी साहेबांच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त चाललेली, दार वाजायचं, गिअर कुरकुरायचा. पण ब्रेक दाबला की जागेवर, सरळ उभी. खोड मॉडेलची नव्हती, आमच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीची होती. रेणूला मी हेच सांगणार आहे. जुनी गाडी घेताना एक बघू नये, त्याच जातीच्या दोन बघाव्यात. मग विकणाऱ्याला मॉडेलच्या मागे लपता येत नाही.

संध्याकाळी बाबा दारातल्या ओट्यावर बसून लाखोळीची डाळ घातलेली पातळभाजी आणि भाकरी खात होते. ते उशिरा आले की तिथेच जेवायचे. समोर गाडी, तिच्यावर हार. मी त्यांना सगळं सांगितलं. दिवा, पत्रा, बोल्ट, ब्रेक, डॉक्टरांची गाडी. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. ते जेवत राहिले. मग म्हणाले, "मले माहीत आहे."

मला वाटलं, ते दिव्याबद्दल बोलत आहेत.

"पावसाळ्यात ठोकली त्यायनं. रविवारी स्वतः चालवत बैहरहून येत होते. घाटात दगडावर घातली. मलेच फोन आला. ट्रक मीच पाठवला, ताडपत्री टाकून खाली आणली. दुरुस्ती गोंदियाले झाली, इथं कोनाले समजू नये म्हणून."

मी साहेबांवर संशय घेतला होता, मॅडमच्या बशीवर घेतला होता, कन्हैयाच्या फडक्यावर घेतला होता. बाबांवर घ्यायचं मला सुचलंच नव्हतं.

"माहीत होतं तर घेता काहून?"

"सही पाहिजे मले. गाडी नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटात तसाच ठेवला. "आपन चालवूच नाही. उभी ठेवू. वर्ष झालं की भंगारात देऊ. कुलर घेतला, टेबल घेतलं, कधी काही बोललो का मी? सही होऊ दे."

ही सही त्या साहेबांनी पुढे केलीच नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणारा उगीच चमत्काराची वाट बघत बसणार नाही. ती त्यांच्या नंतर आलेल्या साहेबांनी केली, बऱ्याच उशिरा, आणि मधला काळ आम्ही माझ्या टायपिंगवर आणि आईच्या बड्यांवर काढला. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. बाबांना वाटलं असावं.

त्या संध्याकाळी मात्र बाबांचं म्हणणं मला निम्मं पटलं, हे खरं आहे. तीस वर्षं नोकरी करून म्हातारपणी सहीसाठी दारोदार फिरायचं, त्यापेक्षा एक लाल डबा अंगणात उभा राहिलेला काय वाईट?

आई दारात उभी होती. वाढायला आणलेली भाजी तिच्या हातातच होती. ती म्हणाली, "उभी ठेवाल?"

"हौ. कोन चालवते?"

"अन् मंदीले तिकडं अचानक कळा आल्या, जावयाचा फोन आला का लवकर या, तवा दारातली गाडी सोडून जीप शोधाले कोन जाईल? तुम्ही जाल? ही जाईल? त्या घाईत कोनाले आठवंल का ही गाडी चालवाची नाही, सहीची आहे?"

बाबा हात धुवायला उठले आणि जाताना गाडीला वळसा घालून गेले, नेहमी सरळ नळाकडे जायचे. आईने भाजी झाकून ठेवली. नाही म्हणायचं कुणाला जमणार होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. बाबांना जमणार नव्हतं. आईला जमलं असतं, पण तिच्या नाही म्हणण्याची किंमत बाबांच्या तोंडावर वसूल झाली असती. मी ऑफिसची कुणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घातली, पिशवीत एक साडी आणि मंदाताईसाठी आईने केलेले डिंकाचे लाडू टाकले, आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू बंगल्यावर नेली. पोर्चमध्ये खोकी बांधणं सुरू होतं. सुतळीचे गोळे इकडेतिकडे पडले होते. साहेब चहा घेत उभे होते.

"अरे, सुबह सुबह?"

"बैहर जा रही हूँ साहब, दीदी को लाने," मी म्हटलं. "घाट में मुझे आदत नहीं है. आप बगल में बैठ जाइए. दोपहर तक लौट आएँगे."

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "अभी तो पैकिंग चल रही है."

"तो मॅडम चलें? हवा भी बदल जाएगी."

मॅडम दारात होत्या. त्या आत गेल्या. कन्हैया एका गाठीवर असा वाकला होता, जणू त्याने आयुष्यात पहिल्यांदा गाठ पाहिली. साहेबांनी कप कठड्यावर ठेवला आणि हात पुढे केला. मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

तिथून चालत बस स्टँडवर गेले. बैहरची बस लागलेली होती, इंजिन सुरू होतं. मी ड्रायव्हरच्या मागची जागा धरली आणि घाट लागल्यापासून बैहर येईपर्यंत खिडकीबाहेर न बघता त्याच्या ब्रेकवरच्या पायाकडे बघत राहिले.